बिबवीच्या वाटेवरची जमीन

ऐका. शेकोटीतली ती लाकडं जरा आत सारा, आणि गोदे, तू दाराकडं पाठ करून बसू नकोस. इकडं सरक. हां. आता ऐका.

ही गोष्ट दौलू इंगवल्याची. आपल्याच वाडीचा, माझ्या बापाच्या जोडीचा. त्यानं स्वतःच्या तोंडानं माझ्या बापाला सांगितली. म्हणून मी खरी मानतो. तुम्ही मानायची का नाही ते शेवटी ठरवा.

तर दौलू म्हणजे नंबरी शिकारी. तेव्हा शिकारीला आजच्यासारखी बंदी नव्हती. परवाना मिळायचा. रानाच्या कडेला ज्याचं शेत, त्यानं पिकात घुसलेलं सांबर पाडलं तर कोण विचारणार? म्हणून हौशी माणसं रानाला चिकटूनच जमीन बघायची. नाचणी पेरायची ती भाकरीसाठी नव्हे, सांबराला आवतण द्यायला! आता बंदी आली, बरंच झालं म्हणा. पण तेव्हाची तऱ्हा ही अशी.

दौलूला एक साडू होता. हिंदुराव. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दौलूची अनशी थोरली, म्हणजे दौलू थोरला जावई. मान कुणाचा? थोरल्याचा! होता की नाही? होता. पण कुठवर? हिंदुरावानं खिंडीच्या अलीकडं जमीन घेतली तोवर.

काय जमीन होती! वर दाट रान, खाली झरा, आणि मधे खारट मातीचा उतार. ती माती चाटायला जनावर कोसावरनं येतं. हिंदुरावाला शिकारीतलं एवढंसुद्धा कळत नव्हतं. पण पहिल्याच साली त्याच्या शेतात पाच हातांवर सांबर उभं राहिलं. पाच हातांवर! तिथं तुझी आजीसुद्धा नेम चुकायची नाही, गोदे. पाडलं. शिंगं सोप्यात टांगली.

झालं. दौलूच्या पोटात निखारा पडला तो तिथं.

सासऱ्याच्या घरी जेवायला बसले की सासरा म्हणायचा, "हिंदुराव, तेवढी सांबराची गोष्ट सांगा की पुन्यांदा." पुन्हा! रश्श्याची पहिली वाटी हिंदुरावाच्या पुढं. दौलू मुंडी खाली घालून भात कालवायचा. एकदा हिंदुरावाच्या घरी सगळे मागं परड्यात बसले होते, तर हा गुपचूप सोप्यात गेला आणि ती शिंगं वितीनं मोजली. चार विती आणि चार बोटं. पुन्हा मोजली. तेवढीच भरली! चोरासारखा बाहेर आला.

त्या दिवसापासनं दौलूला एकच ध्यास. हिंदुरावापेक्षा चांगली जमीन. उन्हाळाभर हिंडला. एका ठिकाणी पाणी होतं, पण आडोसा नाही. दुसरीकडं आडोसा होता, पण वारा उलटा, माणसाचा वास थेट रानात जायचा. एक जमीन मात्र अगदी मनासारखी. खुरांचे माग एवढाले! पण तिच्या बांधावरनं हिंदुरावाचं खोपट दिसायचं. दौलू म्हणाला, रोज उठून ते बघू काय? नको. सोडली ती जमीन. बघा, जळणारं माणूस कसं असतं!

मग कुणीतरी सांगितलं, खिंडीच्या पलीकडं एक जमीन निघालीय. आणि खिंडीतनं वाट कुठली? बिबवीची वाट.

शेतासाठी जमीन दिवसा बघावी, शिकारीसाठी रात्री. जनावर येतं का, कुठनं येतं, वारा कसा, हे रात्रीच कळतं. दिवेलागण झाली तसा दौलूनं बंदूक खांद्याला अडकवली, नळीला बॅटरी बांधली. अनशी दारात आडवी उभी राहिली.

"अवो, त्या वाटेनं रातचं कोन जातं का?"

"मी जातो."

"आपल्याला काय कमी हाय? त्येंच्या भिंतीला शिंगं हायती, तर आसूं द्या की!"

तेच बोलायला नको होतं. त्या शिंगांचं नाव निघालं आणि दौलू तिला बाजूला सारून चालायला लागला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

चांदणं होतं. पिठासारखं. खिंडीच्या तोंडाशी बिबवीचं, म्हणजे बिब्ब्याचं, जुनं झाड. त्याच्या बुडाशी धोंड्यावर एक म्हातारा बसलेला. डोक्यावरनं घोंगडं.

"जमीन बगाय निघाला न्हवं, पावनं?"

दौलूला वाटलं, जमीनवाल्यानं माणूस पाठवला. म्हणाला, "व्हय. तुमीच दावनार का?"

"दावतो की. पर बॅटरी लावायची न्हाई. जनावर बुजतं."

म्हातारा पुढं, दौलू मागं. वाटेवर वाळलेला पाला गुडघाभर. दौलूच्या पायाखाली चर्र चर्र वाजतोय. आणि म्हाताऱ्याच्या? काहीच नाही! एक पान वाजेना. दौलूच्या ते ध्यानात आलं, बरं का. शिकारी माणूस, त्याचे कान घारीच्या डोळ्यासारखे. पण त्याच्या डोक्यात हिंदुराव बसला होता. दुसऱ्याला जागा कुठं?

थोडं चालले तर एक गवताळ टप्पा आला. हिरवागार. आणि त्यात भेकरं! दोन, चार, सात भेकरं, शेळ्यांसारखी चरतायत. दौलू हरखला.

"घेतो. हीच घेतो."

म्हातारा हसला. "घ्या की. पर हिंदुरावाकडं सांबर येतं. भेकरावर भागंल का तुमचं?"

आता हिंदुरावाचं नाव ह्याला कसं ठाऊक? विचारायला नको? दौलूनं विचारलं नाही! त्याचा आनंद एका क्षणात आंबला. म्हणाला, "पुढची दावा."

पुढं चालले. एक ओढा ओलांडला. दुसरा टप्पा. तिथं सांबरी. पाच-सहा माद्या, पाण्यात तोंड घालून.

"ही घेतो!"

"घ्या की. पर शिंगं कुठं हायती? हिंदुरावाच्या भिंतीवर शिंगं हायती. चार विती आन् चार बोटं."

अरे! ते मोजल्याचं कुणाला ठाऊक होतं? कुणालाच नाही! दौलूनं पाय मागं घेतला. आणि तेवढ्यात, ऐका, रानातनं हसणं ऐकू आलं. सासऱ्याचं हसणं! "हिंदुराव, घ्या, आनी घ्या! थोरल्याचं काय, त्येला चालतंय कायबी!" मग अनशीचा आवाज. आपल्या बहिणीला म्हणत होती, "तुझं नशीब चांगलं गं बाई. माझ्या पदरात ह्यो पडला."

असलं अनशी जन्मात बोलली नव्हती. पण दौलूला ते खरं वाटलं. का वाटलं? कारण मनात तो हे रोज ऐकत होता. भूत आपल्याजवळचं काही आणत नाही, बाबांनो. तुमच्याच घरातलं उचलतं आणि तुमच्याच कानात ओततं.

दौलूनं दात आवळले. "चल म्हाताऱ्या. सगळ्यांत चांगली दाव."

पुन्हा एक ओढा ओलांडला. तोच होता का मघाचा? काय की! पुन्हा एक बिबवी लागली. तीच का? त्यानं बघितलं नाही. वाट खाली उतरली आणि समोर तळं. आरशासारखं. काठाला सांबरं, नुसते नर, शिंगांचं जंगल उभं राहिल्यागत! अशी जमीन आख्ख्या सह्याद्रीत नसेल. दौलू मटकन खाली बसला. रडायला लागला. चाळीशीचा गडी, पोरासारखा रडतोय!

"काय घेशील हिचं?"

"दाम नगं," म्हातारा म्हणाला. आवाज आता अगदी कानाशी. "एकच अट. हिंदुरावापरीस मोठं शिंग आज पाडायचं. जमीन तुझी. त्यो बग, आलाच."

तळ्याच्या पल्याड झुडपं हलली. आणि सांबर बाहेर आलं. काय सांबर! घोड्याएवढं. शिंगं अशी की त्यात चांदणं अडकलेलं. सहा विती तर नक्कीच. थेट दौलूकडं चालत येत होतं. ना दबकत, ना थबकत.

"मार," म्हातारा म्हणाला.

दौलूनं बंदूक खांद्याला लावून नेम धरला.

"मार! उद्या सासरा कुनाची गोष्ट ऐकंल? मार! हिंदुराव तुझ्या सोप्यात यिऊन मान वर करून बगंल. मार!"

बोट चापावर. आता ओढणार. पण तेवीस वर्षांचा हात होता तो! तेवीस वर्षं दौलूनं उजेड टाकल्याशिवाय बार टाकला नव्हता. डोकं म्हाताऱ्याच्या ताब्यात होतं, पण अंगठा कुणाच्या ताब्यात असतो? अंगठा आपसूक बॅटरीच्या बटणावर गेला. खट्.

उजेड थेट सांबराच्या तोंडावर पडला.

डोळे चमकले नाहीत!

कळलं का तुम्हाला? सांबराचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे पेटतात. भेकराचे पेटतात, बिबट्याचे पेटतात, घरच्या मांजराचे पेटतात. माणसाचे तेवढे पेटत नाहीत.

दौलूनं नळी झटक्यात बाजूला वळवली, आणि नळीबरोबर बॅटरी फिरली ती म्हाताऱ्यावर. घोंगड्याच्या आत लालभडक दोन डोळे पेटलेले! नुसते डोळे. नाक नाही, तोंड नाही, कवटीसुद्धा नाही. घोंगडं रिकामं!

"आई गं!"

दौलूच्या किंकाळीसरशी तळं गेलं. सांबरं गेली. राहिला उघडा कातळ. आणि समोर, वीस पावलांवर, उजेडानं डोळे मिचकावत कोण उभा? हिंदुराव! अनवाणी. अंगात नुसती बंडी. हातात काठीसुद्धा नाही.

"दौलतराव! कुटं लागलंय? पाय बगू!"

"कसला पाय?"

"आवो, तुमी हाका मारत हुता न्हवं? मगाधरनं. 'साडूभाऊ, पाय मोडला, वाचवा.' खोपटातनं तसाच पळत आलो. पायतान बी घातलं न्हाई."

दौलूनं हाक मारलीच नव्हती, बाबांनो. त्याच्या आवाजात दुसऱ्यानंच मारली होती. आणि ज्याच्या नावानं हा वर्षभर जळत होता, तो माणूस त्या हाकेला अंधारात अनवाणी धावून आला होता.

बोलायला वेळ होता का? मागं घोंगडं उभं राहिलं. माणसाएवढं. मग झाडाएवढं! दौलूनं बंदूक टाकली, साडूचा हात धरला आणि पळत सुटला. ना काटे बघितले, ना धोंडे, नुसतं पळणं! मागनं दौलूच्या आवाजात हाक, "साडूभाऊ, मला सोडून जाऊ नगा!" लगेच हिंदुरावाच्या आवाजात, "दौलतराव, त्यो खोटा हाय, मी हितं हाय!" कुणी वळून बघितलं नाही. ज्याचा हात हातात आहे तोच खरा, एवढंच धरून दोघं पळाले. वाडीची शीव ओलांडली तेव्हा मागनं नुसतं हसणं आलं, आणि मग तेही थांबलं.

सकाळी गाव गोळा होऊन खिंडीत गेला. तळं कसलं आणि गवत कसलं! बिबवीच्या भोवती बोडका कातळ. कातळाच्या कडेच्या मातीत दौलूच्या पायांचा माग, गोल गोल, नांगरल्यासारखा. रात्रभर एकाच झाडाला फेऱ्या घातल्या होत्या. हिंदुरावाच्या अनवाणी पावलांशिवाय दुसऱ्या कुणाचा माग नाही. बंदूक सापडली. घोडा चढवलेला, काडतूस आत तसंच.

तिथंच, सगळ्यांसमोर, दौलूनं हिंदुरावाला सांगितलं. नेम कुणावर होता ते, शिंगं मोजल्याचं, सगळं. हिंदुराव म्हणाला, "आवो, मला शिंगं घरी यिऊन मागितली आसती तर दिली नसती का?"

दौलूला ती शिंगं नकोच होती ना! त्याला हिंदुरावाकडं ती नसायला हवी होती. हे कुणाला सांगता येतं का?

जमीन त्यानं कधी घेतली नाही. पोटातला निखारा विझला का, असं माझ्या बापानं एकदा विचारलं. दौलू म्हणाला, "न्हाई. आजून बी कवा कवा धुमसतो. पर आता मी त्येला वळखतो."

तो म्हातारा कोण? कुणी म्हणतं, जमिनीच्या वाटणीवरनं भावाला सांबर म्हणून गोळी घातलेल्या शिकाऱ्याचं भूत. खरं-खोटं बिबवीला ठाऊक.

पण ऐका. त्या वाटेनं जाऊ नका. दिवसा गेलात तर गेलात, अंधार पडल्यावर अजिबात नाही. आणि दुसऱ्याच्या ताटाकडं बघून जीव जळत असेल, तर भर दुपारीसुद्धा नाही. घोंगडं पांघरलेला कुणी भेटला, चांगली जमीन दाखवतो म्हणाला, तर हो म्हणू नका, नाही म्हणू नका. तोंड उघडूच नका. चालत राहा.

आता उठा. हात धरून जा, आणि ओढ्याच्या अंगानं जा. लांब पडतं? पडू दे.