दोन बोटांची फट

पुरवणी जबाब

नाव व पत्ता पहिल्या जबाबात लिहिल्याप्रमाणे. वय ४९. धंदा नळकाम व संडास बसवणे. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत.

समक्ष हजर राहून सांगतो की, आज मला चौकीत कोणी बोलावलेले नाही. आपणहून आलो आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी सहाला मी आंघोळ करून देवापुढे उभा राहिलो आणि हात न जोडता तसाच मागे फिरलो. दहा वाजता याच टेबलासमोर पहिला जबाब दिला. त्यात म्हटले होते की, 'वरच्या मजल्यावरच्या बाईंना संडासाचे भांडे उचलून खालच्या जोडाची रबरी रिंग बदलायला मी दीड वर्षापूर्वी सांगितले होते, त्या नको म्हणाल्या.' त्या नको म्हणाल्या नाहीत. मी सांगितलेच नव्हते.

खरी हकीकत अशी. बाई दवाखान्यात परिचारिका आहेत, एकट्या राहतात. त्यांच्याकडचा बसायचा संडास मीच बसवलेला. दीड वर्षापूर्वी त्यांनी बोलावून सांगितले, "भाऊ, बसलं की डुलतोय. संडास बसवलाय की पाळणा?" मी बुडाशी बोट लावले तर ओल लागली. म्हणजे खालचा जोड गळतो, हे आमच्या धंद्यात नवख्यालाही कळते. रिंग बदलायची तर अर्धा दिवस जातो. मला आणखी दोन ठिकाणी जायचे होते आणि पाठ धरली होती. मी बुडाभोवती पांढरे सिमेंट भरले. डुलणे थांबले.

माझे वस्ताद शिकवत की, सिमेंट भरताना मागच्या बाजूला दोन बोटे फट सोडायची. जोड गळला तर पाणी तिथून फरशीवर येते आणि घरच्यांना कळते. "पाणी चोर नसतं रे, आपण त्याला चोर करतो," असे ते म्हणत. फट सोडली असती तर आठवड्यात पाणी बाहेर आले असते आणि मला परत जावे लागले असते. मी मागेपर्यंत बोट फिरवून सगळे गुळगुळीत केले. बाईंनी विचारले, "आतून गळत नाही ना?" मी म्हणालो, "मी बसवलाय, बाई. निर्धास्त राहा." त्यांना काम फार आवडले.

त्यानंतर पाणी फरशीखालच्या भरावात मुरत राहिले. स्लॅबच्या सळया गंजून फुगल्या. मंगळवारच्या आधीच्या रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका न्हाणीघरात दाढी करत असताना छताचा थर त्यांच्यावर पडला. उजव्या खांद्याचे हाड मोडले. त्याच हाताने ते कापड कापतात.

काकूंनी तक्रार दिली आणि माझ्या जबाबामुळे ती बाईंवर शेकली. चौकशी होईपर्यंत दवाखान्याने त्यांना घरी बसवले आहे. गुरुवारी त्यांनी न्हाणीघराचे पाणी बंद करायला मलाच बोलावले. काकू जिन्यातून ओरडत होत्या, "नर्स म्हणे! दीड वर्ष आमच्या डोक्यावर घाण ओतली, तेव्हा कुठे गेली होती हिची सेवा?"  बाईंनी दार लावून मला चहा दिला. मग म्हणाल्या, "भाऊ, मी नको म्हणाले, हे मला आठवतच नाही. पण तुम्ही कशाला खोटं सांगाल? पाळ्या करून करून डोकं ठिकाणावर नसतं, म्हणाले असेन. औषधं देतानाही असंच काही विसरत असेन का हो मी?"

मी चहा प्यालो. कप धुऊन ठेवला.

तीन दिवस घरी जेवताना मी बोललो नाही. पत्नी म्हणाली, "जगाचे नळ बंद करता करता एक स्वतःच्या तोंडालाही बसवलात वाटतं." तेव्हा तिला सगळे सांगितले. तिने भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "आधी काकांकडे जा. चौकीत नंतर."

आज सकाळी काकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाले, "उसवलेलं अस्तराखाली मीही झाकलंय, मिस्त्री. पण त्यानं कुणाचं हाड मोडलं नाही." 'बसा' म्हणाले नाहीत. मग मी वर जाऊन बाईंना सांगितले की, तुम्ही काहीही विसरला नव्हता. त्यांनी मला दोनदा तेच म्हणायला लावले आणि दार लावून घेतले. तिथून थेट इथे आलो.

बाईंचा यात दोष नाही. पहिला जबाब मी जाणूनबुजून खोटा दिला. आज माझ्यावर कोणाचा दबाव नाही. होईल ती कारवाई मान्य आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात पहिला जबाब 'विस्मरणामुळे' खोटा दिला असे लिहिले होते. हवालदारसाहेब म्हणाले, "राहू द्या मिस्त्री, तुमच्याच सोयीचं आहे." तो शब्द मी खोडायला लावला. त्या जागी 'जाणूनबुजून' लिहिले असून शेजारी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.