घरचा गळा

कोडिंगवाली: ...पण सर, आजींच्या कागदावर तुम्ही नुसतं 'गलगंड' लिहिलंय. कशामुळे, ते नाही.

डॉक्टर: आयोडीन कमी पडलं, दुसरं काय! घाला नोंदीत आजाराचा कोड आणि व्हा मोकळ्या. बाहेर रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढतेय.

कोडिंगवाली: कारण तुमच्या हातचं हवं, सर. माझ्या मनानं मी नाही घालू शकत. आयोडीनच्या गलगंडाचा कोड वेगळा. तुम्ही लिहिलं नाहीत तर आजी 'कारण नमूद नाही'च्या ढिगात जाणार. वरच्या वस्तीतल्या बाकीच्या बायका गेल्या, तशाच. मग तिथं आयोडीनचं मीठ पोचत नाही, हे जिल्ह्याच्या ऑफिसला कळणार कसं?

डॉक्टर: हं. खरंय. पण मीठ कुठलं खातात हे मी विचारलंच नाही, आणि अंदाजानं लिहायला हात धजत नाही. गेल्या का त्या?

कोडिंगवाली: नाही, गाडीची वाट बघत बाकावर बसल्यात.

(आजींना आत आणतात.)

आजी: परत कशाला बोलावलंत? काही वंगाळ निघालं का?

डॉक्टर: नाही हो, बसा. घरात मीठ कुठलं वापरता?

आजी: डोंगरातल्या खाणीचं. खडे आणायचे, कुटायचे. दुकानातलं पुडीचं मीठ आमच्या तोंडाला अळणी लागतं.

डॉक्टर: आणि गळा असा घरात आणखी कुणाचा?

आजी: सगळ्यांचाच की! सासूचा होता, नणंदांचा आहे. आमच्यात 'घरचा गळा' म्हणतात. रक्तातच आहे ते.

कोडिंगवाली: सुनेचापण आहे?

आजी: आली तेव्हा मान कशी सुरईसारखी होती! हल्ली भरायला लागलीय. बायका म्हणाल्या, आता खरी आपल्यातली झाली.

डॉक्टर: ती माहेरून दुसऱ्या रक्ताची आली ना, आजी? मग तिला कसं झालं?

आजी: आता आमच्याच चुलीवरचं खाते ना ती.

डॉक्टर: रक्त नाही, मीठ. खाणीच्या मिठात आयोडीन नसतं. तुमच्या गळ्याचं कारण मी आत्ता लिहितो, आयोडीन किती आहे ते बघायला लघवीही तपासायला पाठवतो. सून आहे कशी?

आजी: बरी आहे. दिवस गेलेत तिला. सारखी दमते, झोप म्हणून पुरत नाही. मीच ओरडते, आळशीपणा करू नको म्हणून.

डॉक्टर: तिला लवकरात लवकर घेऊन या. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं.

आजी: अगं बाई! बाळाला काही झालं असेल का?

डॉक्टर: आजच कसं सांगू? रक्त तपासू, औषध लागलं तर देऊ. पण आणा तिला.

आजी: आणायची कशाला? माझ्यासोबतच आलीय. पिशव्या सांभाळत फाटकाशी उभी आहे.

कोडिंगवाली: थांबा, मी हाक मारते.

आजी: नको पोरी. तुझ्या हाकेनं घाबरेल ती. मीच जाते, आणि आधी त्या पिशव्या तिच्या हातातून घेते.