कोटात राहिलेली धग

— नाई नाई साहेब, आगीत नाई जळलो मी, तेच तं सांगून राहिलो! राईस मिलच्या बारदान्याच्या गोदामातून चांगला चालत बाहेर आलो — सुकराम हमालाले खांद्यावर घेऊन. त्याले खाली ठेवलं, मास्क काढला, पाणी पेलो. पाठ थोडी गरम लागे, बस. मंग भाजलं. बाहेर! आमच्या फायर ब्रिगेडच्या ऑफिसात कोणालेच पटत नाई — आग मागं राहिली, तं हा माणूस भाजला कसा? तुमी नागपूरच्या प्रयोगशाळेतले, तुमाले समजते. आगीत घालाचा कोट धग पिऊन घेते अन् दाबला का आत सोडते. तुमी मशीनवर कपडा तापवून, वरून वजन ठेवून पाहता म्हणे... माह्या कोटावर कशाचं वजन पडलं? गाडीले टेकलो मी. पाठ टेकली. लिहा.

काऊन नाई लिहून राहिले? ... दवाखान्यातला फोटो पाहिला तुमी. हं. गाडीले टेकून असे डाग पडत नाई, असंच ना? दोन डाग, पंजाएवढे.

बसा. हळू बोला, आत माय आहे माही, भागीरथा. त्याच मिलमंधी तांदूळ पाखडे. कोणीतरी तिले सांगतलं, छत पडलं अन् तुहा पोरगा आतच आहे. मले पाहिलं अन् धावली — दोन्ही हातानं असं गच्च धरलं साहेब! लहानपणीबी तिनं असं धरलं नवतं, कामातून फुरसतच कुठं होती तिले? कोट वरून ओलाचिंब, तिच्या हाताले काई लागलं नाई — अन् माह्या पाठीत जसे निखारे ठेवले. ओरडलो असतो तं सोडलं असतं तिनं. नाई ओरडलो. ‘आहेस नं रे, आहेस नं’ करून रडून राहिली होती ती, कसा ओरडू?

तिले वाटते आगीनंच जाळलं. रोज खोबऱ्याचं तेल लावते, आगीले शिव्या देते. नजर अधू, डागाचा आकार काई दिसत नाई — पण बोटं तं फिरतात नं? काल फिरता फिरता थांबली बोटं. पंजा ठेवून पाहिला तिनं, मंग दुसरा. तेलाची वाटी तशीच ठेवून उठली. जेवलीबी नाई. मी विचारू कसं? विचारलं तं ती —

माय? ... तू कवाची उभी आहेस दारात?

साहेब, तुमी निघा.