काकांची सेवा

वडीलधाऱ्यांच्या सेवेचं एवढं कौतुक करताय, तर आमच्या वटारच्या काकांच्या घरचा नमुना ऐका. काकांना मधुमेह, त्यात गुडघ्यांची सांधेदुखी. वसईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज चाला, नाहीतर पाय कायमचे आखडतील." काकांनाही तेच हवं होतं. घरामागच्या केळीच्या वाडीत रोज एक फेरी मारायची, एवढीच त्यांची हौस. पण ते उठले रे उठले की थोरला शरद धावलाच.

"बाबा, बसा! लोक म्हणतील, पोरांनी आजारी बापाला वाडीत राबवलं."

मी म्हटलं, "अरे, राबवू नकोस, नुसतं चालू तरी दे."

"तू कॉलेजात जा, पुस्तकं वाच. आजारी माणसाला कसं सांभाळायचं ते आम्हाला कळतं."

झालं! चार महिने काका आरामखुर्चीत. मग एक दिवस डॉक्टर घरी आले आणि म्हणाले, "काका, हात न टेकता उभे राहा बघू." काकांना उठताच येईना.

शरद मात्र अभिमानाने सांगतोय, "डॉक्टर, आम्ही त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही."

डॉक्टर भडकले. "मग आता घासही तुम्हीच चावून द्या!"

शरदने गंभीरपणे आत हाक मारली, "आई, उद्यापासून बाबांना मऊ भात!"

तेवढ्यात काका खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून, थरथरत, अर्धेअधिक उठले. त्यांची नजर मागच्या दाराकडे होती.

शरदने खांदे दाबून त्यांना खाली बसवलं. "बाबा, निदान डॉक्टरांसमोर तरी ऐका!"