पहिला घास

गुरुबसप्पा : तूच सांग गफूर, तुझ्या गाद्यांचा कापूस माझ्या कुत्र्याच्या पोटात गेला कसा?

गफूर : मी काय चमच्यानं भरवला, अप्पा? अल्याड तुमचं अंगण, पल्याड माझं दुकान. वारा सुटला की उडतो जरासा. पन उलटीत रिमोटचा सेल निघाला, त्याचं काय? माझ्याकडं टीव्हीच न्हाई.

लक्ष्मम्मा : आन् चुन्याची डबी. गफूरभाई तंबाखू बी खात न्हाईत.

गुरुबसप्पा : तू कुणाकडनं हायस गं?

लक्ष्मम्मा : वकिलाकडनं. नाव वकील असलं तरी कुत्रं ते, त्याचं बी कुणी ऐकावं का न्हाई?

गुरुबसप्पा : मी काय कमी उपाय केले? त्यानं चावू नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला वाटून चपलांना लावला.

लक्ष्मम्मा : आन् त्याच घालून मठात गेलात. स्वामी म्हणले, अप्पा, मेंदी कुणाच्या लग्नाची?

गुरुबसप्पा : मग तिखट लावलं की.

लक्ष्मम्मा : ते चाटून वकील पाणी पिऊन आला. माझं वर्षाचं तिखट चपलांनी संपवलं!

गफूर : उदगीरचा डाक्टर काय म्हणला, अक्का?

लक्ष्मम्मा : पुढच्या बारीला काही अडकलं तर पोट फाडावं लागंल. आन् वय झालंय, वाचंलच असं न्हाई म्हणला. तवापासून रातीला दोनदा उठून त्याला बघून येते, गफूरभाई.

गफूर : पन माझ्या दारात तर ते कशालाच तोंड लावंना. सुतळी, दाभण, चॉकलेटचे कागद, समदं पडलेलं ऱ्हातं. वास घेतं, जातं. ही बघा आंब्याची कोय. टाकली त्याच्या म्होरं.

लक्ष्मम्मा : अगं बाई! बघितलं बी न्हाई.

गुरुबसप्पा : दिसली नसंल त्याला. दे इकडं, लांब कोपऱ्यात फेकतो.

(वकील कोय हवेतच झेलतो. तिघांची धावपळ.)

लक्ष्मम्मा : अय्यो! धरली की! गफूरभाई, शेपूट धरा!

गफूर : शेपटीनं तोंड उघडतंय व्हय, अक्का?

गुरुबसप्पा : आ कर, बाबा. आ... दिली. दिली गं!

गफूर : अप्पा, एक इचारू? जेवताना तुम्ही पहिला घास काढता, त्याचं काय करता?

गुरुबसप्पा : करायचं काय? ओट्यावरनं वकिलाला टाकतो. मुक्या जिवाचा वाटा. आमचे वडील बी टाकायचे.

गफूर : आन् चुन्याची रिकामी डबी?

गुरुबसप्पा : ओट्यावरनंच.

गफूर : सेल? आन् अंगणात उडून आलेला माझा कापूस?

गुरुबसप्पा : ...ओट्यावरनं.

गफूर : घास कोणता आन् कचरा कोणता, त्याला काय म्हाईत? अप्पाच्या हातातनं सुटलं म्हंजे आपलं झालं.

लक्ष्मम्मा : शिव शिव! आन् आपण त्याला अधाशी म्हणून राहिलो!

गुरुबसप्पा : पन चुन्यानं तोंड भाजलं असंल की गं त्याचं.

लक्ष्मम्मा : भाजलं असंल. तरी खाल्लं. तुम्ही भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवता.

गुरुबसप्पा : लई वाईट वाटून राहिलंय. काल मी त्याला हाडूत केलं, चोर म्हणलो.

गफूर : मन छोटं करू नका. ओट्यावर झाकणाचा डबा ठेवा. कचरा त्यात, घास त्याला.

लक्ष्मम्मा : कुत्र्याला शिकवायच्या नादात माझं तिखट गेलं. शिकायचं ह्यांनाच होतं!

गुरुबसप्पा : शिकतो गं बाई. ही कोय बी डब्यातच टाकतो. पन हा बघ, अजून माझ्या हाताकडंच बघून राहिलाय.

लक्ष्मम्मा : बघू द्या. तुम्ही उठा तिथनं.

गुरुबसप्पा : कसं उठू? तोंडातलं काढून घेतलंय त्याच्या. चतकोर भाकर आण आधी.