पराग पुण्याले असते

समता कॉलनीतल्या दवाखान्यात शर्मिष्ठाच्या मागच्या बाकावर एक नवराबायको मराठीत बोलत होते.

"पोलिसांच्या नव्या तुकडीत आपल्याच परागले काहून घेतलं?"

"त्याले गोंडी येते. जंगलात लढाले तसेच पोट्टे निवडून तुकडी उभी करून राहिले."

"तुमची बदली बस्तरात झाली नसती, तर तो गोंडी कुठून शिकला असता?"

"हळू बोल. नाव फुटलं तर नक्षली घरापर्यंत येतील."

"इथं हिंदी मुलखात कोणाले मराठी समजते?"

शर्मिष्ठानं मान वळवली नाही.

"शर्मिष्ठा खोडवेकर!" कंपाउंडरनं हाक मारली.

मागचं बोलणं एकदम थांबलं. ती उठली, तशी त्या बाईनं तिची ओढणी धरली.

"ताई, आमचा पराग पुण्याले असते बरं. मोबाइलच्या दुकानात."