आईने सोडवलेले दोन पॅच

आमच्या आईने एका जर्मन पाहुण्याला जेवताना कसं सुनावलं, ते तुम्हाला सांगितलंच नाही मी. तेव्हा मी एका साउंड चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, लिहीत होतो. त्याचे दोन पॅच, म्हणजे कोडमधले बदल, होते, दोन्ही एकमेकांवर अवलंबून. कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ते तपासून घेणारे मेंटेनरही दोन, एकेका पॅचला एक. जर्मनीचा हान्स म्हणायचा, आधी केन्जीने घ्यावा. जपानचा केन्जी म्हणायचा, आधी हान्सने. महिने गेले, ऑफिसात माझी नोकरी डळमळायला लागली.

हान्स कामानिमित्त मुंबईत आला, तेव्हा त्याला लालबागला घरी जेवायला नेलं. सुरमई वाढता वाढता आईने विचारलं, "तुझा काम अडवलेलो तो ह्योच मां?"

मी तिला गप्प करत होतो, पण हान्स म्हणाला, "त्या काय म्हणाल्या ते सांग." सांगावं लागलं. तो ओशाळून म्हणाला, "पण आधी केन्जीने घ्यायला हवा ना?"

हे मी आईला समजावल्यावर ती शांतपणे म्हणाली, "गिरणीच्या संपातय असाच झाला. मालक म्हणता आधी तू, युनियन म्हणता आधी तू. तुझ्या बापाशीची गिरण बंदच पडली."

तेही मी इंग्रजीत सांगितलं. हान्सने मग डाव्या हाताने फोन काढून केन्जीला लिहिलं, "तुझी संमती दे, दोन्ही पॅच मी घेतो." जेवण संपायच्या आत केन्जीचा होकार आला.

मी आईला म्हटलं, "झालं गो काम."

"मगे आता त्याका सोलकढी वाढ," ती म्हणाली. "काम होयपर्यंत मी मुद्दाम मागे ठेवलेली."